कायदा वाचण्याची किंमत : सास्तूरच्या भिंतींपासून दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत

(थ्रेड)

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. काही सेकंदांत लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे दगडमातीचे ढिगारे झाली. सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली, १६,००० च्या आसपास जखमी झाली.

इतिहासाने त्याला ‘किल्लारीचा भूकंप’ म्हटले. किल्लारी लातूर जिल्ह्यात. सीमेच्या अलीकडे, धाराशिवच्या बाजूला, सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी, कवठा ही गावेही त्याच पहाटे कोसळली. नावात त्यांना जागा मिळाली नाही.

हा थ्रेड भूकंपाविषयी थोडा आणि एका वेगळ्याच प्रश्नाविषयी अधिक आहे. घर कसे बांधावे, आग कशी रोखावी, पाणी पिण्यायोग्य कशाला म्हणावे, हे सांगणारे तांत्रिक नियम सरकार ठरवते. कायदा त्यांचे पालन करायला लावतो. मग ते नियम वाचण्यासाठी नागरिकाला पैसे का मोजावे लागत होते, आणि त्यांची प्रत दुसऱ्याला देणे गुन्ह्यासारखे का मानले जात होते?

आधी भिंत पाहू. सारे कथानक तिच्यात आहे.

मराठवाड्यातील जुने घर म्हणजे माळवद. काळ्या दगडाच्या, चिखलमातीत रचलेल्या भिंती. आत लाकडी खांब आणि तुळया. त्यांवर फळ्या किंवा काटक्या. आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असे घर गार राहते. पावसात गळू नये म्हणून दरवर्षी वर नवी माती पडते. जुनी कोणी काढत नाही. दोन-तीन पिढ्यांनंतर छपरावर किती टन माती साचली, याचा हिशेब घरात कोणालाच नसतो.

भिंत दोन ते तीन फूट, कुठे त्याहूनही जाड. पाहणाऱ्याला ती किल्ल्यासारखी भक्कम वाटते. प्रत्यक्षात ती एक भिंत नसून दोन भिंती असतात. बाहेरच्या अंगाला बऱ्यापैकी घडवलेल्या दगडांचा थर, आतल्या अंगाला दुसरा थर आणि मधल्या पोकळीत दगडगोटे व माती. दोन्ही थरांना एकमेकांशी बांधणारा, या अंगाकडून त्या अंगापर्यंत जाणारा आरपार दगड बहुधा नसतोच.

जमीन आडवी हलली की हे दोन थर वेगवेगळे हलतात. मधली भरताड पाचरीसारखी खाली सरकते आणि दोन्ही थरांना बाहेर ढकलते. भिंत फुगते, फाटते. तिने तोललेले मातीचे ओझे खाली येते. रात्रीची वेळ असेल तर त्याखाली झोपलेले कुटुंब असते.

यावरचा उपाय रॉकेटविज्ञान नव्हे. ठरावीक अंतरावर आरपार दगड घालायचे, कोपऱ्यात लांब दगड वापरून दोन भिंती एकमेकींत गुंफायच्या, दारा-खिडक्यांच्या वरून घराला कवेत घेणारा सलग पट्टा द्यायचा, भिंत गरजेपेक्षा जाड करायची नाही आणि छपराचे वजन कमी ठेवायचे. एवढेच.

आणि हे लिहिलेले होते. भारतीय मानक ब्युरोने आयएस १३८२८ हे मानक प्रसिद्ध केले. कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामाची भूकंपात टिकण्याची क्षमता कशी वाढवावी, हा त्याचा विषय. दगडी भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि आडव्या दिशेने १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता आरपार दगड हवेत. माळवदाच्या भिंतीचे जणू शवविच्छेदनच. मानकाचे वर्ष १९९३.

या योगायोगावरून कोणी घाईने निष्कर्ष काढू नये. ती पुस्तिका त्या वर्षी सास्तूरच्या चौकात फुकट वाटली असती तरी सप्टेंबरपर्यंत एकही भिंत बदलली नसती. शिवाय गावठाणातील घरे अभियंत्याच्या आराखड्याने नव्हे, गवंड्याच्या हाताने उभी राहत. बांधकाम परवानगीचे नियम तिथवर पोहोचतच नव्हते.

त्याहून मोठी अडचण दुसऱ्याच एका मानकात होती.

आयएस १८९३ हे भूकंपरोधक रचनेचे मूळ भारतीय मानक. पहिली आवृत्ती १९६२ ची. देशाचा कोणता भाग किती धोक्याचा, हे दाखवणारा नकाशा त्यातच असतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला आणि दख्खनचे पठार अचल असल्याच्या समजुतीला पहिला तडा गेला. १९७० च्या आवृत्तीत नकाशा बदलला आणि ‘शून्य’ धोक्याचा पट्टा रद्द झाला. पण किल्लारी-सास्तूरचा भाग राहिला पट्टा एकमध्येच, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात.

पट्टा एकचा अर्थ असा, की भूकंपाची तीव्रता पाचच्या वर जाण्याची अपेक्षा नाही. प्रत्यक्षात त्या पहाटे ती आठ ते नऊच्या घरात होती. १९९२ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर किल्लारी परिसराला लहान धक्के बसत होते, लोक घाबरून विचारत होते. नकाशा मात्र तोच राहिला. किल्लारी परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला तो २००२ च्या आवृत्तीत, भूकंपानंतर नऊ वर्षांनी.

म्हणजे नियम खुले असते तर माणसे वाचली असती, असे सरळ समीकरण इथे मांडता येत नाही. परंतु आपला जिल्हा नकाशात कोणत्या रंगाचा आहे आणि का, हे शाळेतील शिक्षकाला, ग्रामपंचायत सदस्याला किंवा स्थानिक पत्रकाराला सहज पाहता येत नसेल, तर त्या रंगाबद्दल शंका कोण घेणार? शंका घेण्यासाठी आधी कागद हाती लागतो.

भूकंपानंतर काय झाले, हा या कथेतील सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग आहे.

जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने महाराष्ट्र शासनाने आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम राबवला. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. आखीव रस्ते आणि चौकोनी घरे असलेल्या त्या वसाहतींची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. पण कार्यक्रमाचा आकाराने मोठा भाग वेगळाच होता : अनेक जिल्ह्यांतील, तडे गेलेल्या पण उभ्या असलेल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण.

इथे नियम पहिल्यांदा गावात आले. घराच्या मदतीशी तांत्रिक अटी जोडल्या गेल्या. भिंतीत आरपार भोक पाडून त्यात आकडा वळवलेली सळई आणि काँक्रीट भरायचे, म्हणजे नसलेला आरपार दगड नंतर घालायचा. छपरावरची माती उतरवायची. भिंतींना वरून पट्टा बांधायचा.

आता कल्पना करावी. भूकंपातून वाचलेली भिंत. तिला पुन्हा भोके पाडायला अभियंता सांगतो. घरमालकाला वाटते, हा माणूस उभी भिंत पाडायला आला आहे. कागदावर जे लिहिले आहे ते इंग्रजीत, आणि तो कागद घरमालकाच्या हातात नाही.

शिवाय लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता. दगडाने माणसे मारली, मग दगडाचे घर नको, सिमेंटचे हवे, ही भावना सर्वत्र होती. चूक दगडात नव्हती, दगड बांधण्याच्या पद्धतीत होती. पण हा फरक समजावणार कोण?

ते काम ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलेल्या गावातील स्त्रियांनी केले. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडे लोकसहभागाची जबाबदारी होती, आणि लातूर-उस्मानाबादच्या हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांमधून या संवाद सहायक पुढे आल्या. त्या मजबुतीकरणाच्या बाबी शिकल्या, घरोघरी जाऊन सांगू लागल्या, गवंड्याने पट्टा दिला का, आरपार सळई घातली का, हे पाहू लागल्या. अनेक घरांत बाईने बांधकामावर बोलण्याचा तो पहिलाच प्रसंग असावा. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासात या स्त्रियांवर स्वतंत्र प्रकरण व्हायला हवे.

या प्रसंगाकडे कायद्याच्या इतिहासाच्या चष्म्यातून पाहिले तर एक जुनी गोष्ट आठवते. नियम करणे आणि नियम कळवणे ही राज्यसंस्थेची दोन वेगळी कामे आहेत.

मध्ययुगीन महाराष्ट्रात दान दिलेल्या जमिनीच्या सीमेवर गधेगळ उभे करीत. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, खाली शिक्षेचे ते कुप्रसिद्ध चित्र. लेख वाचता न येणाऱ्यालाही आज्ञा मोडली तर काय होईल ते कळावे, हा त्यामागचा हिशेब. चित्र अश्लील आहे खरे, पण कळवण्याची तळमळ नाकारता येत नाही. गावोगावची दवंडी त्याच कुळातली.

धाराशिवचा अनुभव याच्या उलटही गेला. हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. उस्मानाबाद हे नाव सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून आले. संस्थानचे राजपत्र, जरीदा, उर्दूत निघे. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्यावर लागू होणारा कायदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य नळदुर्गमार्गे आत शिरले आणि ती राजवट संपली. कायदा आणि त्याचा वाचक यांच्यातील अंतर मात्र त्या दिवशी मिटले नाही.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न लवकरच सर्वोच्च न्यायालयासमोर आला, आणि योगायोगाने तोही एका संस्थानातूनच. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये अफूविषयक कायद्याचा ठराव केला, पण तो प्रसिद्धच केला नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्या कायद्याखाली ५० रुपये दंड झाला. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. जो कायदा कळवलाच नाही, त्याखाली शिक्षा देणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे ते तत्त्व. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

मग कळवले म्हणजे नेमके काय केले? त्याचे उत्तर मुंबईच्या विमानतळावर मिळाले. २८ नोव्हेंबर १९६२ रोजी झुरिकहून मनिलाकडे निघालेले विमान सांताक्रूझला थांबले. मायर हान्स जॉर्ज नावाच्या प्रवाशाच्या जाकिटात ३४ किलो सोने निघाले. भारतातून नुसते पुढे जाणारे सोनेही विमानाच्या कागदपत्रांत दाखवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नवा आदेश चारच दिवसांपूर्वी राजपत्रात छापला होता. परदेशात बसून आपल्याला तो कसा कळणार, असा त्याचा बचाव. उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने त्याला दोषी ठरवले : राजपत्रात छापले म्हणजे सर्वांना कळवले.

हे मान्य केले तरी एक फट उरते, आणि पुढचा सगळा वाद त्या फटीतूनच आला. राजपत्रात छापलेला कायदा म्हणतो की अमुक मानकाप्रमाणे बांधा. राजपत्रात त्या मानकाचे नाव आणि क्रमांक असतो. मजकूर नसतो. तो दुसरीकडे, विकत मिळतो.

उदाहरण घराजवळचेच. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याचे कलम ३ इमारतीचा मालक आणि भोगवटादार यांना राष्ट्रीय इमारत संहिता, २००५ यानुसार उपाय करण्यास बांधते. पालन नाही तर कायद्याचा भंग. ही २००५ ची संहिता भारतीय मानक ब्युरोची, आणि तिची किंमत होती १३,७६० रुपये.

उमरग्याच्या बाजारपेठेत भाड्याच्या गाळ्यात दुकान चालवणाऱ्याने काय करायचे? कायदा पाळायचा तर आधी पुस्तक घ्यायचे. पुस्तक घेतले तरी त्याची झेरॉक्स शेजाऱ्याला द्यायची नाही, कारण हक्क ब्युरोचे. २०२० पासून राज्याच्या बहुतांश भागाला लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीही इमारतीच्या रचनेसाठी त्याच संहितेकडे बोट दाखवते.

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये एक दार आहे. कलम ५२ नुसार राजपत्रातील मजकूर, भाष्यासह छापलेले अधिनियम आणि न्यायालयांचे निकाल यांची प्रत काढणे हक्कभंग ठरत नाही. म्हणून तर कोणताही प्रकाशक भाष्यासह कायद्याचे पुस्तक छापू शकतो. मानकाचा मजकूर राजपत्रात नसल्याने तो या दाराबाहेर उभा राहतो. एकाच कायद्याचा अर्धा भाग सर्वांचा, अर्धा मालकीचा.

ब्युरोची बाजूही हलकी नाही. मानक आभाळातून पडत नाही. तज्ज्ञांच्या समित्या वर्षानुवर्षे बसतात, मसुदे फिरतात, चाचण्या होतात, छपाई होते. या व्यवस्थेची मुळे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेत आहेत. तिचे पहिले मानक, आयएस १, राष्ट्रध्वजाचे होते. १९८७ मध्ये तिची जागा संसदेच्या कायद्याने आलेल्या ब्युरोने घेतली. पुस्तिकांची विक्री हा तिच्या उत्पन्नाचा एक भाग होता. मात्र ब्युरोचे मोठे उत्पन्न वस्तूंवरील चिन्हाच्या, म्हणजे आयएसआय मार्कच्या, प्रमाणीकरणातून येते. पुस्तके फुकट दिली तर संस्था बुडेल, हा युक्तिवाद त्यामुळे फार दूर जात नाही.

ही कोंडी फोडायला जो माणूस आला तो भारतीयही नव्हता. कार्ल मालामुद हे अमेरिकेतील पब्लिक रिसोर्स या ना-नफा संस्थेचे संस्थापक. कायद्याचा भाग असलेला प्रत्येक कागद लोकांना मोफत दिसला पाहिजे, हा त्यांचा ध्यास. भारतीय मानके त्यांनी रीतसर विकत घेतली आणि सुमारे १९,००० मानके इंटरनेटवर ठेवली. प्रत्येक फाइलच्या आरंभी त्यांनी स्वतःचे एक पान जोडले, आणि त्यावर माहितीच्या अधिकाराचा हवाला होता. गांधींच्या ‘हिंद स्वराज’ची आठवण देणारे ‘कोड स्वराज’ हे पुस्तकही त्यांनी २०१८ मध्ये सॅम पित्रोदा यांच्यासह काढले.

ब्युरोने आक्षेप घेतला आणि पुढची मानके त्यांना विकण्यास नकार दिला. केंद्र सरकारकडे केलेला अर्जही फेटाळला गेला. तेव्हा २०१५ च्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. मालामुद यांच्या संस्थेबरोबर याचिकाकर्ते होते वाहतूक अभियंता श्रीनिवास कोडाली आणि न्यायनिकाल सर्वांना मोफत शोधू देणाऱ्या ‘इंडियन कानून’चे संस्थापक सुशांत सिन्हा. कायद्याचा अर्धा भाग सिन्हांनी आधीच लोकांपर्यंत नेला होता, असे म्हणायला हरकत नाही.

जगात हा झगडा आधीपासून चालू होता. टेक्सासमधील अ‍ॅना आणि सॅव्हॉय या लहान गावांनी एका खासगी संघटनेची इमारत संहिता आपला कायदा म्हणून स्वीकारली. पीटर वीक यांनी ती आपल्या संकेतस्थळावर टाकली. प्रकरण न्यायालयात गेले. २००२ मध्ये अमेरिकेच्या पाचव्या विभागीय अपील न्यायालयाने वीक यांच्या बाजूने कौल दिला : संहिता कायदा म्हणून स्वीकारली गेली, की कायदा या नात्याने ती कोणालाही छापता येते.

२०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने कायद्यात समाविष्ट झालेली मानके मोफत प्रसिद्ध करण्याच्या मालामुद यांच्या कृतीला न्याय्य वापर ठरवले. मार्च २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने म्हटले, की युरोपीय कायद्याचा भाग झालेली मानके खुली करण्यात श्रेष्ठ सार्वजनिक हित आहे. त्या खटल्यातही तीच संस्था होती. खेळण्यांच्या सुरक्षिततेची मानके, इतक्या साध्या विषयावरचा तो खटला.

भारतात बदल झाला तो असा कोणताही गाजलेला निकाल येण्याची वाट न पाहता. अलीकडच्या वर्षांत ब्युरोने आपल्या संकेतस्थळावर भारतीय मानके विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली. आंतरराष्ट्रीय संघटनांकडून जशीच्या तशी घेतलेली मानके अजून विकतच आहेत, पण देशात घडलेली बहुतेक मानके आता कोणालाही मिळतात. ज्या गोष्टीला कालपर्यंत हक्कभंग म्हटले जात होते, ती सरकारी सुविधा झाली. त्याची बातमी फार मोठी झाली नाही, हे थोडे चमत्कारिक आहे.

त्यामुळे आज धाराशिवच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थी आयएस १३८२८ मोबाइलवर उघडू शकतो. पिण्याच्या पाण्याचे आयएस १०५०० पाहून टँकरच्या पाण्याबद्दल नेमका प्रश्न विचारू शकतो. आपला तालुका आयएस १८९३ च्या नकाशात कुठे आहे ते शोधू शकतो. हे वाचन सोपे नाही. मजकूर इंग्रजीत, काही ठिकाणी हिंदीत. भाषा तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी लिहिलेली. एक मानक दुसऱ्याकडे बोट दाखवते आणि दुसरे तिसऱ्याकडे.

सोप्या भाषेत सांगण्याचे प्रयत्नही झाले. आयआयटी कानपूरने या शतकाच्या सुरुवातीला भूकंपरोधक बांधकामावर चित्रांसह छोट्या टिपणांची मालिका काढली आणि ती प्रथमपासून सर्वांना मोफत दिली. पुढे तिची मराठीतही भाषांतरे झाली. त्यात दगडी भिंतीवर एक स्वतंत्र टिपण आहे. दोन थर, मधली भरताड, आरपार दगड. सास्तूरच्या माणसाला ते चित्र ओळखीचे वाटेल.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले. तिथेही दगडमातीच्या भिंती, तिथेही मदतीच्या अटी आणि इंग्रजी कागद. लातूर-उस्मानाबादच्या संवाद सहायक स्त्रियांपैकी काही जणी गुजरातला गेल्या आणि कच्छच्या बायकांबरोबर पडझड झालेल्या गावांतून फिरल्या. भाषा निराळी, पण भिंत तीच होती. आरपार दगड कुठे असायला हवा होता, हे त्यांना आपल्या घरच्या भिंतीवरून माहीत होते.